भोळेमास्तरांचा प्रलय

मनूच्या ओंजळीत तो छोटासा मासा येऊन पडला होता आणि मी पुढचं वाक्य उच्चारणार, इतक्यात वर्गाच्या खिडकीतून आवाज आला, "गाळ कुठाय?"

धुळ्याच्या शाळेत संस्कृतचा शिक्षक म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, नोकऱ्या मिळत नव्हत्या, आणि मिळालेली टिकवायची म्हणून मी मोठ्या हुरूपाने शिकवत होतो. मुलं खिडकीकडे वळली. बाहेर गज धरून एक उंच, हाडकुळे गृहस्थ उभे होते. अंगात काळा कोट, आणि कोटाचे दोन्ही खिसे म्हशीच्या कासेसारखे लोंबत होते.

"कसला गाळ?" मी विचारलं.

"सगळी पृथ्वी बुडाली म्हणताय ना? पाणी आलं म्हणजे गाळ आला. पाणी निघून जातं, गाळ राहतो. हा लळिंगचा डोंगर मी पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाहिलाय. काळा दगड, मग तांबड्या मातीचा पट्टा, पुन्हा काळा दगड. सगळं आगीचं काम. मग तुमच्या प्रलयाचा गाळ गेला कुठं?"

"अहो, ही गोष्ट आहे."

"मग मुलांना तसं सांगा," असं म्हणून ते चालते झाले. वर्ग खिदळला आणि माझा मनू त्या दिवशी ओंजळीत मासा घेऊन तसाच उभा राहिला.

मी तावातावाने हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला. "भोळेमास्तर असणार. विज्ञान शिकवतात. बसा, पाणी घ्या. होईल सवय."

ती मला कधीच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी वाद नको म्हणून मी स्वतःच त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "तुमचं खरं आहे. प्रलय वगैरे सगळ्या कवींच्या कल्पना." मला वाटलं, खूश होतील. ते भडकलेच.

"कल्पना? संस्कृतचे पंडित ना तुम्ही? ज्यूंच्या गोष्टीत नाव, ग्रीकांच्या गोष्टीत पेटी, आपल्या गोष्टीत मासा. इतक्या लांबच्या माणसांना बुडण्याचीच आठवण कशी राहिली? उगीच?"

"म्हणजे प्रलय झाला होता?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"मग तुमचं म्हणणं तरी काय?"

"माझं काहीच म्हणणं नाही. मी विचारतोय."

त्या दिवसापासून मी 'पंडित' झालो आणि माझी शांतता संपली. या माणसाशी सहमत होण्याची सोयच नव्हती. प्रलय झाला म्हणणाऱ्याला ते गाळ मागत आणि झाला नाही म्हणणाऱ्याला आठवणीचा हिशेब. देवळात कीर्तनकार बुवांनी सारी पृथ्वी जलमय केली की हे उठून उभे राहत. आमच्या ओळखीचे एक सुधारक डॉक्टर अशा गोष्टींना हसत, तर त्यांच्या दवाखान्यात जाऊन, औषधासाठी ताटकळलेल्या लोकांसमोर, हे त्यांच्याशी तासभर भांडून आले. गावात त्यांना सनातनी नास्तिक म्हणत आणि नास्तिक सनातनी म्हणत. त्यांना दोन्हीचं काही वाटत नसे. वाटायचं ते मला, कारण 'तुमचे मित्र' म्हणून लोक तक्रार घेऊन माझ्याकडे येत.

खिशांत अर्थातच दगड असायचे. भागीरथीवहिनी दर महिन्याला ते खिसे शिवत आणि म्हणत, "यांचा कोट शिवण्यापेक्षा गोणपाट नेसवलं असतं तर परवडलं असतं." नदीकाठच्या त्यांच्या भाड्याच्या घरात कोनाडे, खिडक्या, तुळशीचा कट्टा, सगळीकडे दगड, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. एकदा मी हात धुवायला परसात गेलो आणि साबण म्हणून गारगोटी उचलली.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही तर शिक्षाच. पारोळ्याला एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, आम्ही दोघांनी बैलगाडी ठरवली. वाटेत एक नाला आला की मास्तर खाली. नाल्याने कापलेल्या काठाला नाक लावून बघायचे, माती चिमटीत घ्यायचे आणि थेट जिभेवर ठेवायचे. गाडीवान माझ्याकडे बघायचा, मी आभाळाकडे. खानदेशात नाले किती आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा पत्रावळी उचलत होते. मी भुकेने कासावीस झालेलो, आणि हे यजमानांना सांगताहेत, "उशीर झाला खरा, पण सगळीकडे नदीचीच माती. समुद्राचं नाव नाही." यजमानांनी त्यांना नमस्कार केला आणि माझ्याकडे अतिशय करुणेने पाहिलं.

मास्तर मूळचे जळगावजवळच्या असोद्याचे. मुलगी एकच, इंदू. चुणचुणीत, मराठी सातवीची फायनल परीक्षा पास झालेली. तिच्यासाठी जळगावचं स्थळ आलं. मुलगा नुकताच वकील झालेला, बापही वकील, सोनजीभाऊ झांबरे. तापीकाठी त्यांची मोठी जमीन होती. बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलामुलीची पसंती झाली. मी मध्यस्थ होतो. आयुष्यात एखादं काम विनासायास पार पडावं तसं हे पडत होतं, तेवढ्यात सोनजीभाऊ म्हणाले, "मास्तर, तुम्हांला एक चीज दाखवतो."

देवघराशेजारी चौरंगावर एक भलंमोठं हाड होतं. त्यावर हळदकुंकू, समोर उदबत्ती. शेतात नवी विहीर खणताना खूप खोल सापडलं होतं आणि त्याच्या वर-खाली शिंपलेच शिंपले होते. "मनूच्या वेळचं," सोनजीभाऊ म्हणाले. "प्रलयाचा पुरावा. आमच्या शेतात."

मी मास्तरांचा कोट मागून ओढला. मास्तर म्हणाले, "विहीर पाहायला मिळेल का?" एवढंच. मला हायसं वाटलं. ते चुकीचं होतं.

सोनजीभाऊंना आपल्या विद्वान व्याह्यांचा मोठा अभिमान वाटू लागला. त्यांनी जळगावात वाचनालयाच्या दिवाणखान्यात जाहीर सभाच ठरवली: 'जलप्रलय खरा की खोटा?' खरा म्हणणाऱ्यांच्या बाकावर एक शास्त्रीबुवा आणि एक मिशनचे पाद्री. एरवी एकमेकांची सावली न घेणारी ही दोन माणसं त्या संध्याकाळी मांडीला मांडी लावून बसली होती. शेवटी भोळेमास्तर विहिरीतल्या हाडाबद्दल चार शब्द बोलणार आणि मग तिथेच साखरपुड्याची तारीख सांगायची, असा सोनजीभाऊंचा बेत. अध्यक्ष मी.

शास्त्रीबुवांचं झालं, पाद्रीसाहेबांचं झालं. मास्तरांचा पत्ता नाही. मी घड्याळाकडे, सोनजीभाऊ दाराकडे आणि बायकांत बसलेली इंदू जमिनीकडे बघत होती. अखेर मास्तर आले ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या मातीने लिंपलेले. सकाळपासून ते दोराला लटकून त्या विहिरीत उतरले होते.

हात-तोंड न धुताच ते बोलायला उभे राहिले. "मी आज जे पाहिलं तेवढंच सांगतो. विहिरीत गाळ आहे. भरपूर आहे." शास्त्रीबुवांनी मान डोलावली. पाद्रीसाहेब प्रसन्न हसले. सोनजीभाऊंनी टाळी वाजवली.

"पण तो थरांचा आहे. गाळाचा थर, वर वाळू, पुन्हा गाळ, पुन्हा वाळू. आणि गाळाच्या थरांवर वरच्या बाजूला भेगा आहेत. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाशी पडतात तशा. त्या भेगांत वरची वाळू भरली आहे. म्हणजे पूर आला, ओसरला, ऊन पडलं, चिखल वाळून तडकला, मग पुढचा पूर आला. असं किती वेळा झालं, मला मोजता आलं नाही. शिंपले तापीत आज मिळतात तेच आहेत. सगळी पृथ्वी एकदाच बुडाली असती, तर मधे ऊन कुठून पडलं असतं?"

दिवाणखान्यात चुळबुळ सुरू झाली. मी घंटी वाजवली. मास्तरांनी घंटीकडे दुर्लक्ष केलं.

"आणि ते हाड?" सोनजीभाऊंनी उभं राहून विचारलं. त्यांचा आवाज चढला होता.

"म्हशीचं," मास्तर म्हणाले.

पुढचं सांगण्यासारखं नाही. शास्त्रीबुवा आणि पाद्रीसाहेब दोघेही एकदम बोलू लागले, मागच्या बाकांवरची पोरं म्हशीसारखी हंबरली, आणि ज्या हाडाला घरच्या बायका रोज कुंकू लावत होत्या ते भर सभेत म्हशीचं ठरल्यावर सोनजीभाऊंनी फेटा सारखा केला आणि मला एवढंच म्हणाले, "पंडितजी, तुमच्या मित्रांना घेऊन जा." साखरपुड्याची तारीख त्यांच्या खिशातच राहिली.

परतीच्या गाडीत मी मास्तरांशी बोललो नाही. खरं सांगायचं तर त्यांना डब्यातून ढकलून द्यावं असं मला वाटत होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, इंदूच्या मनात भरलेलं. "एक दिवस गप्प बसला असतात तर पृथ्वी बुडाली असती का?" मी शेवटी ओरडलोच. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. चाळीसगावला धुळ्याची गाडी धरायला उतरलो, तेव्हा फलाटावर इंदू पहिल्यांदा बोलली.

"बाबा, ते हाड म्हशीचंच होतं?"

"असावं."

"असावं म्हणजे? तुम्ही ते हातात घेऊन पाहिलंत? दुसऱ्या हाडाशी लावून पाहिलंत?"

मास्तर कोटाच्या खिशातले दगड चाचपू लागले.

"थरांचं तुम्ही पाहून बोललात. हाडाचं रागाने बोललात," ती म्हणाली आणि ट्रंकेवर जाऊन बसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. मास्तरांना कुणी असं उघडं पाडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी माझ्या दारात मास्तर हजर. "पंडित, चला जळगावला." मी नाही म्हणालो. कडी लावून घेतली. ते ओट्यावर बसून राहिले. शेजारपाजारचे लोक विचारू लागले, तेव्हा मी कोट चढवला.

सोनजीभाऊंनी आम्हांला बसाही म्हटलं नाही. मास्तर दारातच उभे राहून म्हणाले, "मी हाडाबद्दल चुकलो. ते कशाचं आहे मला ठाऊक नाही. न पाहता बोललो, तुमच्या घरच्या देवाचा अपमान झाला. त्याची माफी मागतो." सोनजीभाऊंचा चेहरा जरा सैल झाला. मी श्वास सोडला. आणि मास्तर पुढे म्हणाले, "प्रलयाबद्दल मात्र चुकलो नाही."

मी डोळे मिटून घेतले.

सोनजीभाऊ काही बोलणार, तोच माजघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. असोद्याकडच्याच त्या, बोलणं तिकडचं. "अहो, मानूस दोनदा आला. एकदा खरं बोलायले, एकदा चुकलो म्हनायले. असं घर कुठी भेटीन आपल्याले? त्याहीले आत घ्या, वरण-बट्टी केली आहे."

लग्न झालं. मांडवात मास्तरांनी कुणाशी वाद घालू नये म्हणून मी दिवसभर त्यांच्या शेजारी बसून होतो आणि मला एकही बट्टी गरम मिळाली नाही. हाड पुढेही चौरंगावरच राहिलं. इंदू त्याला कुंकू लावायची. मास्तर जळगावला गेले की ते हाड निरखून बघत बसायचे, आणि कशाचं ते त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी धुळ्यात पांझरेला मोठा पूर आला. दुपारी शाळा सुटली तेव्हा पाणी नदीकाठच्या गल्ल्यांत शिरलं होतं. वहिनी माझ्या घरी येऊन पोचल्या, मास्तर नाहीत. त्यांच्या शेजारी जनाआक्का म्हणून एक म्हातारी राहायची, पायांनी अधू, एकटी. मास्तर तिला आणायला परत फिरले होते. आमचा जीव टांगणीला लागला. वहिनी उंबऱ्यात बसून होत्या आणि मला पहिल्यांदाच त्या माणसाचा राग येत नव्हता, याचाच राग येत होता. दिवेलागणीला निरोप आला, दोघं धर्मशाळेच्या गच्चीवर सुखरूप आहेत.

पाणी ओसरल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. सगळीकडे चिखल. मास्तर चिखलातून दगड वेचून बादलीत टाकत होते. चिठ्ठ्या सगळ्या विरघळून गेल्या होत्या, त्यामुळे कुठला दगड कुठला हे देवालाही सांगता आलं नसतं. जनाआक्का ओसरीवर खाटेवर बसून राज्य करत होती. मला बघताच मास्तर हात पसरून सांगू लागले. "पंडित, काय सांगू! आक्काला खांद्यावर घेतलं आणि दारातून निघालो तर पाणी डोक्यावरून! पायाखाली जमीन नाही. पलीकडचा काठ दिसेना, अलीकडचा दिसेना. जिकडे पाहावं तिकडे पाणी. दुसरं काही नाहीच!"

मी त्यांच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. चुन्यावर चिखलाची रेघ स्वच्छ उमटली होती. ती मास्तरांच्या छातीच्या वर नव्हती.

इतक्या वर्षांनी संधी मिळाली होती. मी ती सोडली नाही. "मास्तर," मी म्हणालो, "गाळ तर इथपर्यंतच आहे."

ते वळले. भिंतीपाशी गेले. रेघेला पाठ लावून उभे राहिले, हाताने छातीशी मापलं आणि पुन्हा वळून रेघ पाहिली.

"रेघ खरी आहे," ते म्हणाले. "पण पंडित, मी खोटं बोललो नाही. मला आठवतंय. डोक्यावरून होतं."

"डोकावरतीनच व्हतं!" जनाआक्का खाटेवरून कडाडली. "माले इचारा ना! मी त्याना खांदावर व्हतू. बठ्ठं धुये बुडनं व्हतं, बठ्ठं!"

मास्तर मटकन पायरीवर बसले. ओल्या धोतराने चष्मा पुसू लागले, त्याने तो आणखीच मळला. "सगळं धुळे बुडालं होतं, असंच ही उद्या गल्लीतल्या पोरांना सांगणार," ते म्हणाले. "ती खोटं सांगेल का?"

"नाही."

"आणि खरं?"

मी भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं.

"तेच तर," ते म्हणाले. मग उठले आणि माझ्या हातात बादली दिली. पुढचे कित्येक रविवार मी त्यांचे दगड धूत होतो. प्रत्येक दगडाबद्दल आम्ही भांडलो. नव्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या चुकीच्या असणार याबद्दल मात्र आमचं एकमत होतं, आणि एवढंच एकमत झाल्याचं मला आठवतं.

पेन्शन घेतल्यावर मास्तर असोद्याला गेले. दुसरं महायुद्ध सुरू झालं, पेट्रोल मिळेना, प्रवास दुर्मिळ झाला. मीही निवृत्त झालो आणि वेळ मिळाला तशा जुन्या पोथ्या सावकाश वाचू लागलो. एक दिवस त्याच मनूच्या गोष्टीत एका ठिकाणी अडखळलो. मी ती आयुष्यभर शिकवली होती आणि ती जागा नुसती ओलांडून गेलो होतो. मासा मनूला सांगतो की नाव डोंगरावर झाडाला बांध, पण पाणी उतरेल तसतसा तूही खाली उतर. वरच अडकून पाण्यापासून तुटू नकोस. मी पुस्तक मिटून ठेवलं. ज्याने ओसरता पूर आणि काठावर उंच अडकून पडलेली नाव डोळ्यांनी पाहिली आहे, त्यालाच हे सुचेल. घरात बसून कल्पना करणाऱ्याला नाही आणि सगळी पृथ्वी बुडालेली पाहणाऱ्यालाही नाही. हा कुठल्यातरी एका नदीकाठचा माणूस होता. मास्तरांना निरुत्तर करील असं काहीतरी माझ्या हाती प्रथमच लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेलो आणि तिथून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने असोद्याला. मास्तर केळीच्या बागेच्या कडेला बाजेवर बसले होते. फार वाळले होते. मला बघून चेहरा उजळला. मी बसण्याआधीच बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं, नाव, झाड, ओसरतं पाणी. ते मान हलवत हसत होते. मी थांबलो तेव्हा म्हणाले, "प्रकृती बरी आहे. तुमच्या घरी वहिनी कशा आहेत?"

त्यांना ऐकू येत नव्हतं. भागीरथीवहिनी म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. घरात कशी शांतता आहे बघा," आणि पदराने डोळे टिपले.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. शेतातली माणसं काम थांबवून बघू लागली. मास्तरांनी फक्त माझा हात थोपटला. मग चहा, मग केळी, मग इंदूच्या मुलांची कौतुकं. मोटारीची वेळ झाली. ते काठी टेकत रस्त्यापर्यंत पोचवायला आले. मला राहवेना. मोटार थांबलेली असताना मी खिशातल्या कागदावर भराभर चार ओळी लिहिल्या, त्यांच्या हातात दिल्या आणि मोटारीत चढलो.

खिडकीतून पाहिलं. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांशी नेला. वाचला. पुन्हा वाचला. त्यांची पाठ ताठ झाली. कित्येक वर्षांत दिसली नव्हती अशी चमक तोंडावर आली, आणि त्यांनी काठी उगारून मला सांगितलं, "चूक!"

तेवढाच शब्द कळला. ड्रायव्हरने भट्टीत हवा मारली, इंजिन खोकून धडधडू लागलं आणि मोटार निघाली. "काय चूक?" मी बाहेर डोकं काढून ओरडलो. मास्तर मोटारीमागून चार पावलं चालत आले. एक बोट वर करून ते सविस्तर, अगदी मुद्देसूद काहीतरी सांगत होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. मग धुरळा उडाला, आणि वळणावर शेवटचं पाहिलं तेव्हाही ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून बोलतच होते.